माहेरची गांडुळं आणि जावयाचे अनारसे

२९ मे. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या त्या नऊ तापत्या दिवसांत, माझं दिवसाचं पहिलं काम म्हणजे गांडुळांच्या क्रेटवरचं पोतं ओलं करणं. चहा त्यानंतर. जरा उशीर झाला की टाकीतलं पाणी गरम यायला लागतं, आणि ते गांडुळांवर टाकलं तर आंघोळ होत नाही, उकड होते. त्या दिवशी मी नेहमीपेक्षाही लवकर उठले, कारण आदल्या संध्याकाळी माझी नणंद आणि तिचा नवरा, म्हणजे घरचा जावई, आलेले होते आणि स्वयंपाकघराचा ताबा थोड्याच वेळात सासूबाई घेणार होत्या.

पोतं भिजवलं, पिळलं आणि बाजूला ठेवलं. क्रेटमध्ये हात घालून मूठभर ऐवज घेतला आणि दाबला. बोटांतून दोन थेंब आले. एवढीच ओल हवी. धार लागली तर पाणी जास्त झालं, काहीच आलं नाही तर कमी पडलं. या एका परीक्षेवर मी तीन वर्षं गांडुळं जगवली आहेत. माझ्या नवऱ्याला ती अजून जमत नाही, कारण दाबताना तो डोळे मिटतो.

मग वास घेतला. पावसाळ्यात कुंडी उपटल्यावर येतो तसा मातीचा वास. आंबट नाही, कुजका नाही. गांडुळं खाली, गारव्यात, एकमेकांत गुंतून पडलेली. एकूण सगळं ठीक होतं. हे मुद्दाम सांगते, कारण संध्याकाळी माझ्यावर आरोप झाला तो असा की मुळातच काहीतरी बिघडलेलं होतं.

क्रेट म्हणजे नागपूरच्या कळमन्याच्या बाजारातले संत्र्यांचे जुने प्लास्टिकचे क्रेट, एकावर एक दोन. आतून मच्छरदाणीची जाळी लावलेली. त्यात पिळून टाकलेला पुठ्ठा, अंड्यांचे ट्रे फाडून केलेले तुकडे, थोडं वाळलेलं शेण, आणि कूलरच्या ताट्यांतलं, म्हणजे बाजूच्या जाळ्यांतलं, गेल्या वर्षीचं गवत. हे गवत लोक एप्रिलमध्ये ढिगानं रस्त्यावर फेकतात आणि मी आमच्या लेआउटमध्ये, सगळ्या वसाहतीत, पोतं घेऊन फिरते. सुरुवातीला शेजारच्या बायका विचारायच्या, घरी म्हैस घेतली का. आता स्वतःहून आणून देतात. खाली एक परात असते. तिच्यात जे काळं पाणी गळतं ते दहापट साध्या पाण्यात मिसळून झाडांना जातं. हे सगळं घरामागच्या सांदवाडीत, म्हणजे अरुंद बोळात, उत्तरेच्या भिंतीला. वर छज्जा असल्यामुळे तिथं मे महिन्यातही ऊन पोचत नाही. बैठकीचा कूलरही त्याच भिंतीच्या खिडकीला बाहेरून लावलेला आहे, त्यामुळे भिंत खालून कायम ओली असते.

गांडुळं माझ्या माहेरची. कुहीच्या पुढं भावाची धानाची शेती आहे आणि गोठ्यामागं खताचा खड्डा. तिथून मी बसमध्ये मांडीवर डबा घेऊन ती आणली. सासूबाईंनी झाकण उघडून पाहिलं आणि म्हणाल्या, ‘‘लोकाईच्या सुना माहेराहून शेवया आणतात वं.’’ पण त्या दिवसापासून त्यांनी क्रेटमधल्या मंडळींना नाव दिलं ते पाहुणे. गांडूळ हा शब्द त्या स्वयंपाकघरात उच्चारत नाहीत. तोंडाची चव जाते म्हणतात.

नाव पाहुणे पडलं तिथंच घोटाळा झाला. मी गांडुळांना आठवड्यातून दोनदा खायला घालते. भाजीची देठं, दुधीची सालं, चहाचा चोथा, सगळं बारीक चिरून, एका कोपऱ्यात पुरून. आधीचं संपल्याशिवाय नवीन नाही. संत्र्याची सालं नाहीत, लिंबू नाही, तिखट, मीठ, तेल, तूप काही नाही. गांडुळं उपाशी राहून क्वचित मरतात, जास्त खाऊन हमखास मरतात. अन्न साचलं की ते आंबतं, आंबलं की तापतं, आणि मग ती जीव घेऊन पळतात. पण आमच्या सासूबाई ज्या गावच्या आहेत तिथं पाहुण्यानं पुरे म्हटलं की वाढायला सुरुवात होते.

‘‘तुह्या माहेरच्याईले तू वाटीनं मोजून घालतं,’’ त्या म्हणायच्या. ‘‘उद्या तुहा भाऊ काय म्हणन?’’

‘‘भाऊच म्हणाला आई, कमी घालत जा म्हणून.’’

‘‘थो म्हणनच. पोरीवाल्याले तसंच बोला लागते.’’

मी कोपऱ्यात नवं काही पुरलेलं सापडतं का ते बघत राहायचे आणि वेळीच काढून टाकायचे. तीन वर्षं असं चाललं.

त्या दिवशी मात्र वेळ वेगळी होती, कारण गांडुळांवर माझ्या नणंदेचं काहीतरी अडकलं होतं.

नणंद माझ्याहून लहान, अमरावतीला असते, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. तिला झाडांचं वेड. बाल्कनीत मोगरा, कढीपत्ता, वांगी, दोन वर्षं हट्टानं लावलेलं पपईचं रोप. मातीत जीव नाही म्हणून सगळं अर्धमेलं. दोन वर्षांपूर्वी तिनं स्वयंपाकघरातला कचरा बादलीत साठवून खत करायचा प्रयत्न केला. झाकण घट्ट लावून ठेवलं, आत वळवळणाऱ्या पांढऱ्या अळ्या झाल्या, आणि तिच्या नवऱ्यानं ती बादली रात्री तशीच उचलून खाली नेऊन फेकली. नवी बादली होती. तेव्हापासून घरात खत हा शब्द बंद.

या खेपेला तिनं हिंमत करून विषय काढला. माझ्या क्रेटमधली अर्धी गांडुळं तिला न्यायची होती. जावयानं, तो स्वभावानं वाईट नाही, फक्त वळवळणाऱ्या गोष्टींना घाबरतो आणि घाबरतो हे कबूल करत नाही, एक अट घातली. आदल्या रात्री जेवताना, सगळ्यांसमोर. ‘‘दोन दिवस इथं आहे. या दोन दिवसांत मला वास आला नाही आणि एकसुद्धा बाहेर दिसलं नाही, तर घेऊन जा. दिसलं, तर पुन्हा नाव काढायचं नाही.’’

नणंदेनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, ‘‘मंजूर.’’ तीन वर्षांत माझं एकही गांडूळ विनाकारण बाहेर आलेलं नाही. मी छातीठोकपणे मंजूर म्हटलं.

हिशेबात धरला नाही तो अधिक महिना.

अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा येतो आणि त्यात जावयाला बोलावून जेवू घालतात, पुरण भरलेले धोंडे वाढतात आणि तेहतीस अनारसे दिव्यासह वाण देतात. ही चाल ज्यानं घालून दिली त्यानं नागपूरचा मे महिना पाहिलेला नसावा. बाहेर रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतंय आणि आत एक माणूस पाटावर बसून तुपात बुडालेला सहावा धोंडा खातोय.

सकाळी आठपर्यंत पुरणाची डाळ शिजली होती. मी कुरडया तळत होते, नणंद आंब्याचा रस काढत होती, सासूबाई अनारशांवर देखरेख करत होत्या. अनारसे आदल्या दिवशी झाले होते. पत्र्याचा मोठा गोल डबा भरून, खसखशीची बाजू वर. त्या डब्याला घरातल्या कुणी हात लावायचा नाही असा दंडक होता. वाणाचं असतं, जावयाशिवाय दुसऱ्यानं खायचं नसतं. नवऱ्यानं एक मागितला तर त्याला सासूबाई म्हणाल्या, ‘‘तुले पायजे तं तुह्या सासऱ्याकडं जाय.’’

दुपारी पंगत बसली. धोंडे, रस, कुरडया, कढी, कटाची आमटी, गोळाभात. जावई खाणारा आहे, पण पन्नाशीला आलेला आहे आणि त्याची साखर काठावर आहे. नणंदेनं ताटाजवळ बसून डोळ्यांनी दटावायचं आणि सासूबाईंनी दुसऱ्या बाजूनं वाढायचं. तो मध्ये. ‘‘आई, खरंच बस,’’ म्हणाला की सासूबाई विचारायच्या, ‘‘काहून? बिघडलं का काही?’’ आणि बिघडलं नाही हे सिद्ध करायला त्याला अजून एक खावा लागायचा. शेवटी दिवा लावून वाण दिलं, आणि डब्यातले चार अनारसे बशीत काढून त्याच्यापुढं ठेवले. ‘‘हे आत्ता. बाकीचे घरी.’’

‘‘जरा वेळानं खातो,’’ तो म्हणाला आणि बशी घेऊन बैठकीत गेला.

मग घर झोपलं. नवतपात नागपुरात दुपारी जो जागा असतो तो एकतर चोर असतो नाहीतर बँकेत कामाला असतो. मी सुद्धा झोपले. माझं चुकलं असेल तर ते इथं.

दिवेलागणीला मी चहा टाकला. जावई उठला होता. सासूबाई पन्ह्याचा ग्लास आणि चिवड्याची ताटली घेऊन त्याच्या दिशेनं निघालेल्या दिसताच तो ताडकन उभा राहिला आणि म्हणाला, ‘‘कूलरची टाकी रिकामी झालीय वाटतं. मी भरून येतो.’’ जावयानं कूलर भरणं म्हणजे सासरची नाचक्की, पण तो कुणी काही बोलायच्या आत पाइप घेऊन सांदवाडीत पोचला होता.

मग तो स्वयंपाकघराच्या जाळीच्या दाराशी आला. आवाज अगदी शांत होता.

‘‘वहिनी, तुमचं माहेर भिंतीवर चढलंय.’’

मी गॅस बंद केला आणि बाहेर गेले. खोटं बोलत नव्हता. क्रेटच्या काठावरून, पोत्याच्या खालून, एकामागून एक, लाल चकचकीत, अशी वरात निघाली होती. काही परातीत पडली होती. काही ओल्या भिंतीवरून कूलरच्या टाकीकडे चालली होती, आणि एक तर टाकीच्या वरच्या कडेवर पोचून डोकं हवेत हलवत पुढचा रस्ता विचारत होतं. घरातल्या इतर पाहुण्यांसारखंच त्यांनाही कळलं होतं की या घरात सगळ्यात सुखाची जागा कूलरजवळ आहे.

माझ्यामागं नणंद आली. तिनं भिंत पाहिली, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘‘जाऊ दे वहिनी.’’ आणि आत जाऊन कपात चहा गाळू लागली. ती रडली असती तर मला बरं वाटलं असतं. तिनं नुसते पाच कप सारखे भरले, मोठ्या काळजीनं.

‘‘मी आधीच म्हणत होतो,’’ जावई म्हणाला. त्याचा एक पाय दाराच्या आत होता. ‘‘या गोष्टी घरात ठेवायच्या नसतात.’’

मी क्रेटमध्ये हात घातला. आत ताप आलेल्या लेकराच्या कपाळासारखं गरम होतं. पोतं फेकलं, वरचा क्रेट उचलून जमिनीवर उतरवला, सुपात एकेक थर काढायला लागले. कुणी काय खाल्लं हे पोलीस सांगू शकणार नाहीत, पण कुणी काय टाकलं हे गांडुळांचा क्रेट बरोबर सांगतो.

पहिला थर आंब्याच्या सालांचा. बादलीभर. प्रत्येक सालीचं देठाकडचं टोपण दातानं उचकटलेलं. या पद्धतीनं आंबा खाणारा आमच्या घरात एकच माणूस आहे आणि त्याच्याशी माझं लग्न झालेलं आहे.

‘‘अहो,’’ मी हाक मारली.

‘‘फळांची सालं चालतात असं तूच म्हणतेस,’’ नवरा बैठकीतूनच म्हणाला. प्रश्न विचारायच्या आत उत्तर आलं, म्हणजे पाठ करून ठेवलं होतं.

‘‘वाटीभर चालतात. लग्नाच्या पंगतीची नाही.’’

‘‘कचऱ्याची गाडी आज येऊन गेली होती. मग ठेवू कुठं?’’

त्याखाली पुठ्ठा चिकट आणि पिवळा. वास ओळखीचा. हरभऱ्याच्या डाळीचं पाणी, पुरणाचा कट. आमटीला लागला तेवढा ठेवून उरलेला सगळा.

‘‘आई.’’

सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. पदर नीट केला. ‘‘एवढुसं तं पाणी होतं. आन् गरम नाई, कोमट होतं. घरात एक पाहुणा धोंडे खाऊन राहिला, आन् तुह्या माहेरच्याईले काय नुसते देठं?’’

‘‘आई, त्यात मीठ होतं का?’’

‘‘मिठाशिवाय कोणी वाढते का पाहुण्याले?’’

नवरा आत हसला. मग मीही हसायला लागले. हसण्यासारखी वेळ नव्हती, भिंतीवर माझी तीन वर्षांची मेहनत रांगेनं चालली होती, पण माझ्या हातात कटानं बरबटलेला पुठ्ठा होता आणि समोर सासूबाईंचा चेहरा इतका प्रामाणिक होता की माझं पोट दुखायला लागलं. मी खाली बसले. हसता हसता तिसरा थर उकरला, आणि हाताला काहीतरी कडक लागलं.

कागदी रुमालाची पुरचुंडी. जावयाच्या गाडीत असतात तसे, फुलाफुलांच्या नक्षीचे. उघडली. आत अनारसे. तीन आख्खे, चौथ्याचा एक घास घेतलेला. खसखशीची बाजू अजून वर.

मी पुरचुंडी मुठीत मिटली आणि वर पाहिलं. सासूबाई अजून दारातच उभ्या. त्यांच्यामागं जावई. तो माझ्या मुठीकडे पाहत होता.

त्यानं जागा मात्र अचूक शोधली होती. सबंध घरात जिथं तो जाईल असं कुणालाही वाटलं नसतं अशी ती एकच जागा होती.

‘‘आई, आत पंखा सुरू करा, मी येतेच,’’ मी म्हटलं. ‘‘भाऊजी, तुम्ही जरा इकडे या. चिमटा धरायला माणूस पाहिजे.’’

तो आला. चार हात लांब थांबला. मी मूठ उघडली.

‘‘हे कुणाचं ओळखता का?’’

‘‘उंदरानं नेलं असेल,’’ तो म्हणाला.

‘‘रुमालात गुंडाळून?’’

त्यानं मागं वळून दारात कुणी नाही ना ते पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाला, ‘‘वहिनी, सहा धोंडे झाले होते. बशी तशीच दिसली तर त्या परत आल्या असत्या. आईंना सांगू नका. वाणाचे आहेत, त्यांना वाईट वाटेल.’’

‘‘नाही सांगत. पण तुमच्या अटीचं काय?’’

‘‘अट काय होती?’’

‘‘वास आला नाही पाहिजे.’’

‘‘वास तसा नाही आला.’’

‘‘आणि एकही बाहेर दिसलं नाही पाहिजे.’’

त्यानं चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं सावकाश पुसला आणि परत डोळ्यांवर न लावता खिशात ठेवला. ‘‘मला चष्म्याशिवाय फारसं दिसत नाही,’’ म्हणाला.

नणंद जाळीच्या दाराआड चहाचा ट्रे घेऊन उभी होती. कधीपासून होती माहीत नाही. कप एकमेकांवर वाजायला लागले तेव्हा कळलं की ती हसतेय. तिनं ट्रे तिथंच पायरीवर ठेवला आणि तोंडावर पदर धरून भिंतीला टेकली. मग तोही हसला, आधी कसनुसा, मग खरा, आणि पोट धरून म्हणाला, ‘‘हसवू नका, धोंडे वर येतात.’’

पण क्रेट अजून तापलेलाच होता, आणि जावयाची परवानगी मिळाली तरी न्यायला गांडुळं जिवंत असायला हवी होती. कामाला लागलो. टाकलेलं सगळं खाणं काढलं आणि कढीपत्त्याच्या झाडापासून लांब खड्डा करून पुरलं. अनारसे त्यात सगळ्यात खाली. क्रेटमधला ऐवज दोन परातींत पातळ पसरवला, म्हणजे वाफ निघून जाते. नवा पुठ्ठा थंड पाण्यात भिजवून, पिळून, मिसळला आणि सगळं परत क्रेटमध्ये भरलं. भिंतीवरची मंडळी नणंदेनं हातानं वेचली. जावयानं चिमटा धरला. चिमट्यात काही धरलं नाही, पण चिमटा शेवटपर्यंत धरला. कूलरच्या टाकीवर चढलेल्या त्या एकाला मात्र त्यानंच पाहिलं. चष्मा खिशात असताना.

गार कुठं ठेवायचं हा प्रश्न राहिला. सांदवाडीत अंधार पडला तरी भिंती भट्टीसारख्या होत्या. फ्रीजरमध्ये एक बाटली बर्फ झालेली होती, ती खास जावयासाठी ठेवली होती. ती फडक्यात गुंडाळून ऐवजावर आडवी ठेवली. आणि क्रेट घरातल्या एकमेव थंड जागी न्यायचा ठरला, म्हणजे बैठकीत, कूलरसमोर, जिथं जावयाची गादी घातलेली होती.

‘‘इथं?’’ तो म्हणाला.

‘‘अजून एक गोष्ट आहे,’’ मी म्हटलं. ‘‘नव्या जागी गांडुळं रात्री बाहेर पडायला बघतात. उजेड असला की पडत नाहीत, खाली दडून बसतात. त्यामुळे रात्रभर दिवा चालू ठेवावा लागेल.’’

‘‘धोंड्यात जावयाले दिव्याचं वाण देतातच,’’ सासूबाई म्हणाल्या. त्यांना वाटलं सगळं त्यांच्या बेताप्रमाणे चाललंय.

सकाळी मी बैठकीत गेले तेव्हा जावई गादीवर मांडी घालून बसला होता, डोळे लाल. ‘‘एकही बाहेर आलं नाही,’’ त्यानं रात्रपाळीच्या पहारेकऱ्यासारखी खबर दिली. ‘‘चारदा उठून पाहिलं. पण पहाटे बाटलीचं बर्फ संपलं, तेव्हा मी फ्रीजमधली दुसरी ठेवली. गुंडाळून. चाललं ना?’’

चाललं. मी हात घातला. गार. मूठ दाबली, दोन थेंब. मातीचा वास. खाली गांडुळं गुंतून पडलेली, एखाददुसरी दगावली होती, बाकी तजेलदार. नणंद माझ्यामागून वाकून बघत होती. मी तिचा हात धरून आत घातला आणि म्हटलं, ‘‘दाब.’’ तिनं दाबलं. डोळे उघडे ठेवून. हिला जमणार.

गाडी उन्हाच्या आत निघायला हवी होती. गांडुळं न्यायला भांडं शोधलं तर घरात मापाचं एकच होतं, अनारशांचा पत्र्याचा डबा. मी सासूबाईंकडे गेले आणि काय सांगावं याची मनात जुळवाजुळव करत म्हटलं, ‘‘आई, तो वाणाचा डबा रिकामा करून हवा होता.’’

‘‘घे ना,’’ त्या अनारसे स्टीलच्या डब्यात भरता भरता म्हणाल्या. ‘‘वाण कालच पोचलं त्याईले.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘म्या पाह्यलं ना खिडकीतून. मी पडली होती, डोळा लागला नव्हता. जवाईबुवा रुमालात अनारसे घेऊन गेले मांगं, आन् पोतं उचलून आत ठेवले. मले भरून आलं वं. म्हटलं, पाह्य, माणूस घाबरते तरी पाहुण्याले सोडून एकटा खात नाई.’’

त्या थट्टा करतायत की खरंच बोलतायत हे मला लग्नाला पंचवीस वर्षं झाली तरी ओळखता येत नाही. त्यांनी रिकामा डबा माझ्या हातात दिला आणि सांगितलं, ‘‘पण रस्त्यात अमरावतीपावतर काही खाऊ घालू नको म्हणा. कालचं जास्त झालं.’’

मी डबा अंगणात नेला. झाकण दगडावर पालथं ठेवलं, हातोडी आणि खिळा घेतला आणि हवेसाठी भोकं पाडायला सुरुवात केली. पलीकडे गाडी सुरू करून जावई उभा होता. गांडुळांना सोसावं म्हणून एसी आधीच लावून ठेवला होता, आणि नणंद त्याला म्हणत होती, ‘‘माझ्यासाठी एसी नाही, अमरावतीपर्यंत नुसती काच उघडी ठेवतोस.’’